नाव न घेता मागितलेली प्रार्थना

मानपाडा, डोंबिवली पूर्व
रविवार, २७ एप्रिल २०२५

संचू,

सलाम. हाताने लिहिलेला लिफाफा बघून घाबरू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, तुझ्या सहदेवनेही केलंय, आणि करिश्माने तर नंबरच बदलला. पोस्टाने कोणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा मार्ग. फार तर न फोडता परत पाठवशील.

आज कल्याणला चर्चमध्ये उपासना संपता संपता सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि लग्नाची सूचना वाचायला घेतली. ईस्टर झाला की लग्नं सुरू होतात, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. मी पंख्याखालची जागा कोणी सोडतंय का बघत होते. तेवढ्यात ऐकलं, "कुमारी करिश्मा सहदेव अमोलिक, राहणार दिवा." सख्ख्या भाचीचं लग्न सतरा मेला आहे, हे मला शंभर माणसांबरोबर कळलं. तुम्ही दिव्याच्या नव्या मंडळीत गेलात, तरी नावं अजून आपल्याच चर्चच्या वहीत आहेत वाटतं. "कोणाची हरकत असल्यास पाळकांना कळवावे. ही सूचना पहिल्या वेळेस वाचली आहे." आणि शंभर माना माझ्याकडे वळल्या. मी असं तोंड केलं की जणू पत्रिका छापायला मीच टाकली होती.

अजून दोन रविवार ती सूचना वाचली जाईल. तेवढ्या दिवसांत तुझ्याकडून एक बोलावणं यावं, एवढंच मला हवंय. करिश्माला जन्मल्यावर पहिली अंघोळ मी घातली होती. तिच्या हळदीला मी नसले तर मला ते सोसणार नाही, हे सरळच लिहिते.

आणि सूचनेतला हा ऋतुराज कोण? काय करतो? उंच आहे का? तुझ्या धाकट्या नणंदेच्या नवऱ्यासारखा जेवताना फोन बघणारा तर नाही ना? केक कोण करतंय? तू म्हणशील, ताईचा भोचकपणा सुरू झाला. मी त्याला चौकसपणा म्हणते. आपले अण्णा म्हणायचे, नंदा शाळाखात्यात असती तर तपासनीस झाली असती.

गेल्या वर्षीचं म्हणशील, तर मी प्रार्थनाच मागितली होती, संचू. गुरुवारची घरप्रार्थना माझ्याकडे होती. एकेकीने विषय सांगितले आणि माझ्या पाळीला मी म्हणाले, "दिव्यात राहणारा मंडळीतला एक भाऊ आहे, त्याची कंपनी बंद पडलीय, घरच्यांखेरीज कोणाला माहीत नाही, रोज डबा घेऊन बाहेर पडतो, त्याच्यासाठी प्रार्थना करा." नाव घेतलं नव्हतं. आपल्या मंडळीतलं दिव्यात राहणारं घर एकच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत करिश्माचं ठाण्याचं स्थळ मोडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

इथे सगळं छान आहे. आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहायला येऊन दोन वर्षं व्हायची आहेत, आणि सूनबाई कृतिकाला घर आत्ताच लहान वाटायला लागलंय. तिने फ्रिजवर यादी लावलीय: यंदा मोठी गाडी, पुढच्या वर्षी ठाण्याला घर, नातवाला अमुक शाळा. शाळेच्या मुलाखतीत अडीच वर्षांच्या पोराला काय विचारणार? आईबापांनाच विचारलं. हर्षित आणि कृतिका आठ दिवस एकमेकांना इंग्रजीतून प्रश्न विचारत होते, आणि प्रवेश मिळाला नाही म्हणून आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मी रोज सकाळी ती यादी देवाला वाचून दाखवते.

एक विचारायचं राहिलं. मंडळीतल्या सखुबाईंनी तुला आणि सहदेवला शीळफाट्याला उसाचा रस पिताना बघितलं. म्हणाल्या, "नंदाताई, दोघं मोठमोठ्याने हसत होते हो." कशाला हसत होतात? मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझी,
ताई


शुक्रवार, २ मे

संचू,

उत्तर आलं नाही, म्हणून काल मी दिव्याला येऊन गेले. आता रागावलीस तर रागाव.

घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, तुमच्या नव्या मंडळीची सभा असणार हे मी विचारून ठेवलं होतं. पिठाच्या गिरणीच्या वरची खोली, असं कळलं होतं. मी समोरच्या फरसाणवाल्याकडे उभी राहिले. तुमचं भजन ऐकू येत होतं. गिरणी चालू झाली की तुम्ही आवाज चढवत होतात आणि बंद झाली तरी तो उतरवायचं कोणाला सुचत नव्हतं. मला हसू आलं. उभं राहायला कारण हवं म्हणून मी पाव किलो गाठी घेतल्या, मग पाव किलो शेव.

पाठीमागून आवाज आला, "ताई, किती फरसाण घेताय?"

सहदेव होता. हाताला ग्रीस, खांद्यावर फडकं. शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची मोटार उघडून बसला होता.

"मी दिसले कशी तुम्हाला?"

"अर्धा तास झाला. आख्खी गल्ली बघतेय तुम्हाला."

रंगाच्या कंपनीतला सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी कधी बघितला नव्हता. आता दिव्यातल्या मोटारी दुरुस्त करतो. पाणी आठवड्यातून मोजके दिवस येतं आणि नेमकं त्याच दिवशी मोटार बिघडते, म्हणून कामाला तोटा नाही म्हणाला. मी विचारलंच. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या, तुला माहीत आहे. म्हणाले, "सहदेव, तुम्ही सुखात आहात असं लोक म्हणतात. कसे काय?"

तो पान्हा पुसत राहिला. मग म्हणाला, "सुखात म्हणजे काय ताई, कंपनीची बस आठवते, एसी आठवतो. वाईट वाटतं कधी कधी. वाटून झालं की कामाला लागतो."

"तेवढंच?"

"नऊ महिने मी डबा घेऊन घराबाहेर पडायचो. शीळफाट्याच्या पुढे एका झाडाखाली बसून खायचो आणि सहाला घरी यायचो. प्रार्थना रोज करायचो, पण एकच. देवा, कोणाला कळू देऊ नकोस. नऊ महिने देवाकडे दुसरं काही मागितलंच नाही. मग तुम्ही सगळ्यांना सांगितलंत आणि ती प्रार्थनाच संपली. दुसऱ्या दिवशी गुडघे टेकले तर बोलायला काही सुचेना. तेवढ्यात नळाला पाणी आलं. त्याचे आभार मानले आणि बादली लावायला उठलो. तेव्हापासून तसंच चाललंय. जे आलं त्याचे आभार मानायचे आणि उठायचं."

मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. मी म्हणाले, "म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच—"

"नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, पण माझ्याकडे सरळ बघितलं. "एका अर्थी-बिर्थी काही नाही, ताई. आगीतून माणूस वाचला म्हणून आग लावणाऱ्याला कोणी हार घालत नाही. देवाने सांभाळलं ते देवाचं. तुम्ही केलंत ते तुमचं. करिश्मा तीन आठवडे नीट जेवली नव्हती."

मग त्याने मला जावयाबद्दल सांगितलं, मी न विचारता. मुलगा काय करतो, त्या दोघांचं कसं जमलं, सगळं. शेवटी म्हणाला, "संचिता वर आहे. बोलावू?"

मी नको म्हणाले आणि समोर आलेल्या रिक्षात बसले. भ्याले, संचू. तुझी ताई, जी माहेरी नगरला कोणाच्या बापाला भीत नव्हती. फरसाण रिक्षातच राहिलं.

ताई


रविवार, ४ मे

संचू,

आज दुसऱ्यांदा वाचलं. आज कोणाच्या माना वळल्या ते मी बघितलं नाही, मी खाली बघत होते. सहदेवचं ते वाक्य तीन दिवस माझ्या डोक्यात बसलंय. तुम्ही केलंत ते तुमचं. म्हणून आता खरं लिहिते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की दिव्यात आपल्या मंडळीचं एकच घर आहे हे लक्षात आलं नाही. खोटं आहे ते. आलं होतं.

त्या गुरुवारी माझ्या बैठकीत अकरा बायका होत्या. नवे पडदे लावले होते, ढोकळा बाहेरून मागवला होता. आधीच्या आठवड्यात सोनवणेबाईंकडे नुसते पोहे होते, हे मनात होतं. मग विषय सुरू झाले. एकीच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा. एकीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. एकीच्या सुनेला दिवस जात नाहीत, ती सांगताना रडली आणि सगळ्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाळी माझ्याकडे यायला लागली आणि माझ्याकडे विषयच नव्हता. घर झालेलं, मुलगा कमावता, नातू धडधाकट. काय सांगणार? सूनबाईला मोठी गाडी हवी आहे?

तेव्हा मला तुझी गोष्ट आठवली. तू आदल्या सोमवारी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलेली. "ताई, तुला एकटीला सांगते." मी ती उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. आणि सगळ्या बायका पुढे सरकल्या. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी डोळे मिटले, आवाज हलका केला, आणि मला बरं वाटलं, संचू. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. अकरा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ती प्रार्थना नव्हती. चुगलीच होती, आमेन लावलेली.

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. तुला सांगताना लाज वाटते, पण न सांगता आणखी वाटेल.

आता माझं ठरलंय. पुढच्या रविवारी तिसऱ्यांदा सूचना वाचली जाईल. "कोणाची हरकत असल्यास" म्हणाले की मी उभी राहणार. भर मंडळीत सांगणार की हरकत नाही, पण गेल्या वर्षी या नंदाबाईने पाप केलंय, आणि त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागते. काय बोलायचं ते लिहूनही काढलंय. सव्वा पान झालं. शेवटच्या ओळी वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी येतं.

ताई


शुक्रवार, ९ मे

संचू,

तुझं पत्र आज आलं. वर्षभराने तुझं अक्षर बघितलं. आठ ओळी आहेत, मला पाठ झाल्यात.

"ताई, तिन्ही पत्रं मिळाली. उभी राहू नकोस. गेल्या वेळी आमची गोष्ट आम्हाला न विचारता सांगितलीस. आता तुझ्या पश्चात्तापासाठी परत तीच सांगणार. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळेल. करिश्माचं आधीचं स्थळ का मोडलं ते तिच्या सासरच्यांपर्यंत पोहोचेल. तुला खरंच वाईट वाटत असेल तर गप्प बस. ते तुला जमतं का बघायचंय मला. लग्नाला ये, असं अजून म्हणत नाही."

आधी मी चिडले. दोन तास चिडले होते. म्हटलं, माणूस पाया पडायला आला तर ही म्हणते, पाया पडू नकोस. कुकरच्या चार शिट्ट्या व्हायच्या तिथे नऊ झाल्या. कृतिका म्हणाली, "आई, डाळीचा काय गुन्हा?"

मग दुपारी ते सव्वा पान पुन्हा वाचलं. तुझं नाव त्यात सहा वेळा होतं. सहदेवचा डबासुद्धा होता, झाडासकट. माझं पाप कबूल करायला मला परत तुमचीच गोष्ट लागत होती, आणि परत सगळ्यांनी माझ्याकडेच बघायला हवं होतं. पश्चात्तापालाही मला बघणारी माणसं लागतात, हे मला या वयात कळलं. पान फाडून टाकलं.

बघते गप्प बसता येतं का. खात्री देत नाही.

ताई


रविवार, ११ मे

संचू,

बसले.

सेक्रेटरींनी चष्मा लावला तेव्हा मी पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. "कोणाची हरकत असल्यास" म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त थांबले, निदान मला तसं वाटलं. मी उठले नाही. "तिसऱ्या आणि शेवटच्या वेळेस वाचली आहे." संपलं. कोणाला काही कळलंसुद्धा नाही की मी एवढं मोठं काही केलं.

खरी परीक्षा बाहेर चहापाशी होती. सखुबाई कप घेऊन आल्याच. "नंदाताई, जावई काय करतो हो? कोणाला काही माहीतच नाही." त्यांच्यामागे आणखी तिघी. आणि मला माहीत होतं. सहदेवने सांगितलं होतं, अगदी पगारासकट. जिभेवर आलेलं होतं. मी म्हणाले, "संचिताला विचारा."

"तुम्ही मावशी ना?"

"मावशी आहे, म्हणून तर म्हणते, तिला विचारा."

सखुबाईंना वाटलं मला माहीतच नाही. कीव आल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे. ते फार लागलं. तरी गप्प बसले.

आता एक विचित्र गोष्ट सांगते. घरी आले, साडी बदलली, आणि मला काहीच नको होतं. चहा नको, टीव्ही नको, कोणाचा फोन नको. आजारी पडतेय की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितला. पाळक प्रवचनात म्हणतात ना, समाधान आपोआप मिळत नाही, ते शिकावं लागतं? मला नेहमी प्रश्न पडायचा, त्याची शिकवणी कुठे असते? हेच ते असेल का ग? मला वाटलं होतं ते बरंच मोठं असेल, भजनासारखं वाजतगाजत येईल. हे तर अगदीच साधं निघालं. तुमचंही असंच असतं का? की रोज वेगळं?

दुपारी गुडघे टेकले. फ्रिजवरची यादी वाचली नाही. सहदेवसारखंच मलाही काही सुचेना. खाली बागेत माळी झाडांना पाणी घालत होता, त्याचा पाइप आपटल्याचा आवाज बाविसाव्या मजल्यापर्यंत येत होता. बराच वेळ तो ऐकला. मग नातवाचं शाळेचं आठवलं, आणि म्हटलं, देवा, त्याला गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने बूट घालता आले. तेवढं म्हणून उठले. संध्याकाळी कृतिकाला तेच सांगितलं, तर ती म्हणाली, "हो ना आई, आणि दोन्ही उलटे." कितीतरी दिवसांनी ती माझ्यासमोर हसली. यादी अजून फ्रिजवरच आहे. मोठी गाडी मलाही आवडेल, खोटं कशाला बोलू.

लग्नाचं काही विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा वाटेल. न वाटलं तर सतरा तारखेला दुपारी मी इथेच गुडघे टेकीन, त्याला तर तुझं बोलावणं लागत नाही. पण रडेन, हे सांगून ठेवते.

ताई


गुरुवार, १५ मे

संचू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या हळदीला येईन तेव्हा तुझ्या हातात देईन.

तुझं दुसरं पत्र काल दुपारी मिळालं. बोलावणं अगदी शेवटच्या ओळीत होतं, सकाळी दहाला ये, पहिली हळद तू लाव. पण मला त्या ओळीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला, कारण तिच्या आधीची दोन पानं. सुरुवात वाचूनच मी खाली बसले. "ताई, तुला एकटीला सांगते."

त्या दोन पानांत जे आहे ते मी इथे एका शब्दानेही लिहिणार नाही. हे पत्र तुझ्याच घरी येणार आहे, तरी नाही. वाटेत पर्स हरवली तर? ती पानं कुठे ठेवलीत तेही सांगत नाही. हे दोनदा म्हणाले, "संचिताचं पत्र आलं ना, काय म्हणते?" मी म्हटलं, हळदीला बोलावलंय. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आज घरप्रार्थना माझ्याकडेच होती. नऊ जणी आल्या. मी पोहे केले. विषय सुरू झाले, गुडघे, व्हिसा, सगळं. पाळी माझ्यावर आली. सखुबाई म्हणाल्या, "नंदाताई, तुमचा विषय?"

"आहे," मी म्हणाले. "पण सांगणार नाही."

"नाव नका घेऊ. नुसतं सांगा."

"तेही नाही. तुम्ही फक्त डोळे मिटा."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, एकीने खांदे उडवले, पण मिटले सगळ्यांनी. पंखा चालू होता. मी ओठसुद्धा हलवले नाहीत, न जाणो कोणी एक डोळा उघडा ठेवला असेल तर. कोणासाठी आणि कशासाठी मागितलं ते देवाला माहीत आहे आणि तुला.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा माझे गाल ओले होते. सखुबाईंनी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी नुसती मान हलवली. ही हो म्हणाली की नाही म्हणाली ते त्यांना कळलं नसेल. मलाही हो-नाही काही म्हणायचं नव्हतं. मला एवढंच सुचत होतं की वर्षभरापूर्वी मी जे केलं ते सगळं ठाऊक असून, एवढी मोठी गोष्ट तू सांगितलीस, आणि ती मला सांगितलीस.

तुझी,
ताई